तिरकी भिंत तिरकीच काढायची

दरवर्षी आर्किटेक्चरची कॉलेजं सुरू झाली की मला एक तरी मेसेज येतोच, ताई डॉक्युमेंटेशनसाठी ठाण्यात एखादी जुनी बिल्डिंग सुचवा ना, शक्यतो हेरिटेज आणि शक्यतो स्टेशनजवळ. डॉक्युमेंटेशन म्हणजे उभी इमारत जागेवर मोजून तिची ड्रॉइंग्ज काढणं. प्रत्येकाला वेगळं उत्तर टाइप करत बसते, म्हणून यावेळी म्हटलं एकदाच नीट लिहून टाकू. लांबलचक होणार आहे, चहा घेऊन बसा.

मोठी नावं सगळ्यांना माहीत असतात. कौपिनेश्वराचं देऊळ, मासुंदा तलावाजवळचं सेंट जॉन चर्च, टेंभी नाक्याचं १८७९ सालचं सिनेगॉग जे बेने इस्रायली लोकांनी उभं केलं, आणि किल्ला. किल्ला पोर्तुगीजांनी १७३० च्या सुमारास बांधायला घेतला आणि १७३७ मध्ये मराठ्यांनी तो जिंकला, पण आज आत मध्यवर्ती कारागृह आहे, त्यामुळे टेप घेऊन आत जायचा विषयच नाही. बाकीच्यांची परवानगी मिळाली तर जरूर मोजा. पण मी त्या मुलांना उलट विचारते की तुझ्या ओळखीत कुणाचं जुनं राहतं घर आहे का? चरई, खारकर आळी, महागिरी, उथळसर, कुठेही. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली हे शाळेतलं पोरगंही सांगेल, पण त्यानंतरच्या पिढ्या ठाण्यात ज्या घरांत राहिल्या, त्यांचं माजघर केवढं होतं, कडीपाटाचं लाकडी छत किती उंचीवर होतं, परसात विहीर कुठे होती, हे कागदावर काढून ठेवलंय कुणी? देवळं, चर्च, किल्ले यांच्याकडे कधी ना कधी कुणीतरी बघणार आहे. आळीतल्या घराकडे बिल्डर सोडून कुणी बघत नाही आणि एक दिवस तिथे पत्रे लागतात.

आम्हीही असंच एक घर मोजलं होतं. २०११, थर्ड इयर, कॉलेज नवी मुंबईत, टीममध्ये सहा जण. जांभळी नाक्यापासून चालत जाता येईल अशा एका आळीत आमच्यातल्या एकीच्या आईच्या लांबच्या नात्यातल्या आजी एकट्या राहायच्या. नाव आणि पत्ता लिहित नाही, घरच्यांना आवडणार नाही. बाहेरून बघितलं तर काही विशेष नव्हतं, जोतं, चार पायऱ्या, लाकडी खांबांची ओटी, वर मंगलोरी कौलं. आम्हाला पहिल्या दिवशी थोडं वाईटच वाटलं होतं कारण दुसऱ्या ग्रुपला वाईतला वाडा मिळालेला आणि ते तिकडून घाटाचे फोटो टाकत होते.

आजींनी परवानगी दिली ती एका अटीवर. देवघरात चपला सोडाच पण मोजेही घालून यायचं नाही आणि दुपारी एक ते तीन आवाज करायचा नाही. आम्ही म्हटलं चालेल. एक ते तीन मग आम्ही ओटीवर बसून स्केचेस करायचो आणि आज विचार करते तर त्या दोन तासांनीच आम्हाला जास्त शिकवलं.

स्केच करताना काय होतं ना, की हात डोळ्याला खोटं बोलू देत नाही. खांब मी कितीतरी वेळा बघितला होता, चौकोनी खांब आहे, खाली दगडाचा तळखडा आहे, वर तुळई पेलणारा कोरीव हस्त आहे, बस. काढायला बसले तेव्हा कळलं की खांब खालपासून वरपर्यंत चौकोनी नाहीये, साधारण माझ्या कमरेच्या उंचीवर त्याचे कोपरे मारलेत आणि तिथून वर तो अष्टकोनी होतो आणि हस्ताच्या खाली परत चौकोनी. आणि जिथे चौकोनाचा अष्टकोन होतो तिथे प्रत्येक कोपऱ्यावर एक छोटं पान कोरलंय, नखाएवढं. चार खांबांना मिळून सोळा पानं. त्यातली बारा सारखी आणि चार, म्हणजे दाराजवळच्या एका खांबाची, जरा जाडसर, वेगळ्या हाताची. मोबाइलने फोटो काढून निघून गेलो असतो तर ती पानं मला आयुष्यात दिसली नसती. फोटोत ती आहेतच, माझ्याकडे अजून आहेत ते फोटो, पण आधी काढलं म्हणून आता फोटोत दिसतात.

आता मोजायचं कसं ते सांगते, कारण हे दरवर्षी चुकतं.

पहिली गोष्ट म्हणजे तुकड्या-तुकड्यात मोजू नका. भिंत, मग दार, मग भिंत, मग कोनाडा असं प्रत्येक वेळी टेप उचलून मोजलंत आणि प्रत्येक वेळी पाच मिलिमीटर इकडेतिकडे झाले तर दहा मापांत पाच सेंटिमीटर गेले, आणि ते कुठे गेले हे कधीच सापडत नाही. टेपचा शून्य एका कोपऱ्यात धरायचा, टेप भिंतीलगत शेवटपर्यंत ताणायची आणि जाता जाता सगळी मापं त्याच एका शून्यापासून वाचायची. शून्य धरणारा वेगळा, वाचणारा वेगळा, लिहिणारा वेगळा, आणि लिहिणाऱ्याने आकडा मोठ्याने परत म्हणायचा. आमच्याकडे पहिल्या दिवशी एकोणपन्नास आणि एकोणसाठचा असा घोळ झाला की एक अख्खी भिंत पुन्हा मोजावी लागली. मग ठरवलं की आकडे सुटे म्हणायचे, चार नऊ, पाच नऊ. मराठीत मोजताना एकोण आलं की कान टवकारायचे.

दुसरी गोष्ट कर्ण. खोलीच्या चार बाजू मोजल्या म्हणजे खोली मोजली असं नसतं, त्याच चार बाजूंची खोली काटकोनातही बसते आणि कलंडलेलीही बसते. त्रिकोणाचं तसं नसतं, तीन बाजू ठरल्या की त्रिकोण हलत नाही. म्हणून प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण घ्यायचे, मधे पलंग असो, कपाट असो, कपाटावर चढायला लागलं तरी चालेल. आम्ही घेतले. आणि आमची सगळी गोष्ट तिथूनच सुरू झाली, त्यावर येतेच.

तिसरी गोष्ट लेव्हल. जुन्या घरात जमिनीपासून उंची मोजायची नाही कारण जमीनच सपाट नसते. गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी घ्यायची, पाणी भरायचं, बुडबुडा राहू द्यायचा नाही, आणि घरभर एकाच पातळीवर खडूने खुणा करत जायच्या. ती खडूची रेघ हा आपला शून्य. तिथून खाली जमीन किती, वर तुळई किती. आमच्या या रेघेने दाखवलं की माजघराची जमीन ओटीकडून परसाकडे साठ मिलिमीटर उतरते, आम्हाला वाटलं पाया खचलाय. आजी म्हणाल्या खचायला काय झालंय, जमीन धुतली की पाणी मागे जायला नको? मग न्हाणीघराचं भोक आणि परसातली मोरी आम्ही त्या उताराला जोडून सेक्शनमध्ये, म्हणजे घर उभं कापून दाखवणाऱ्या ड्रॉइंगमध्ये, काढली आणि तो सेक्शन एकदम बोलायला लागला.

कौलांचंही सांगते. माळ्यावर चढून एक फुटकं कौल उलटं केलं तर पोटावर कारखान्याचा छाप. मंगळूरला बासेल मिशनने कौलांचा कारखाना १८६५ मध्ये काढला आणि तिथून ही कौलं समुद्रमार्गे सगळ्या किनाऱ्यावर पसरली, म्हणून छाप बघायचाच. पण छाप सापडला म्हणून घराचं वय सापडलं असं लिहू नका. कौलं फुटतात, माकडं नाचतात, माणसं दर चार-पाच वर्षांनी कौलं चाळतात. आमच्या माळ्यावर छपराच्या एकाच पाखात तीन वेगळ्या छापांची कौलं होती. वासे आणि आढं मात्र एकाच सागाचं, ते वेगळं लिहायचं, कौलं वेगळी लिहायची.

आता कर्ण.

माजघर ओटीच्या बाजूला ३६५५ मिलिमीटर रुंद होतं. आम्हाला आनंद झाला कारण ३६५५ म्हणजे जवळजवळ बरोब्बर बारा फूट, आणि बारा फूट म्हणजे आठ हात, हाताचं माप अठरा इंच धरलं तर. सुताराने हातात मोजून घर बांधलंय असं वाटलं आणि आम्ही सगळीकडे हात शोधायला लागलो. लांबी ३१००. मग कर्ण घेतले. एक आला ४७९३ आणि दुसरा ४६२७.

खोली जर काटकोनात असेल तर दोन्ही कर्ण सारखे यायला हवेत. इथे सोळा-सतरा सेंटिमीटरचा फरक. परत मोजले. परत तेच. टेप बदलली, शून्य धरणारा बदलला, तेच. मग मागच्या बाजूची रुंदी घेतली, जी आम्ही आधी घेतलीच नव्हती कारण तिथे फडताळ होतं आणि आम्ही गृहीत धरलं की समोर ३६५५ म्हणजे मागेही तेवढीच असणार. फडताळ सरकवलं. ३४३५. पुढे स्वयंपाकघर, तिथेही तीच भिंत आत-आत येत गेलेली, आणि परसाच्या टोकाला रुंदी उरली ३२१५. म्हणजे सहा मीटर वीसच्या लांबीत उजवीकडची भिंत ४४० मिलिमीटर आत आलेली. जवळजवळ दीड फूट! आणि तीन दिवस त्या घरात वावरून आमच्या सहापैकी एकाच्याही डोळ्याला दिसलं नव्हतं, कारण मधे आडवी भिंत, फडताळ, मांडणी, डबे, कॅलेंडरं.

त्या रात्री आम्ही वाशीला मैत्रिणीच्या घरी ड्रॉइंग चढवायला बसलो आणि भांडण झालं. आमच्यातला जो सगळ्यात फास्ट कॅड, म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग, करायचा त्याने ऑर्थो ऑन ठेवून, म्हणजे रेघा फक्त आडव्या-उभ्याच येतील असं करून, अख्खा प्लॅन दीड तासात काढून टाकला, सगळं काटकोनात, स्वच्छ, सुंदर. म्हणाला गवंड्याची चूक आहे, एवढंसं कोण बघतंय, भिंत सरळ घेऊ, मापं लिहिताना ३६५५ लिहू आणि विषय संपवू, सोमवारी सबमिशन आहे. त्याचं चुकलं असं मला तेव्हा ठामपणे म्हणताही आलं नाही. शीट खरंच छान दिसत होतं. आणि तिरकी भिंत काढली की सगळंच बिघडतं, फरशीची रेघ बिघडते, कडीपाटाचे पाट बिघडतात, सेक्शन कुठून कापायचा तेही बिघडतं, आणि जो बघेल त्याला वाटतं की पोरांना मोजता येत नाही.

पण मी हट्टाने कागद घेतला. ट्रेसिंग नाही, साधा कार्ट्रिज, एकास पन्नास प्रमाणाला, आणि कंपासने कर्णाचे कंस मारत एकेक कोपरा बसवत गेले. हातानेच का, तर कॅडमध्ये सवयीने बोट ऑर्थोवर जातं. ओटी बसली, माजघर बसलं, स्वयंपाकघर बसलं, मग परस. परसात आम्ही एक अर्धगोल ओटा मोजला होता, कंपाउंडच्या भिंतीला चिकटलेला, वर कडप्पा टाकलेला, त्यावर आजींच्या कुंड्या आणि कपडे धुवायचा दगड. पलीकडे सहा मजली बिल्डिंग, तिची ती कंपाउंड वॉल, सिमेंटचा गिलावा केलेली. अर्धगोल ओटा म्हणून आम्ही तो नुसता त्याच्या कडेचे पाच-सहा पॉइंट घेऊन मोजलेला, कुणाला त्यात रस नव्हता.

कडेवरचे तीन पॉइंट घेतले की वर्तुळाचा मध्य काढता येतो, त्यांना जोडणाऱ्या दोन जीवांचे लंबदुभाजक काढायचे, आठवीची भूमिती. मध्य काढला. त्रिज्या आली ९१५ च्या आसपास, म्हणजे सहा फुटांचं वर्तुळ. आणि मध्य पडला कंपाउंड वॉलच्या रेषेवर. माझ्या हातात पट्टी होती, ती मी सहज त्या तिरक्या भिंतीला लावली, भिंत परसाच्या टोकाला जिथे संपते तिथून पुढे पेन्सिलने हलकी रेघ वाढवली, आणि ती रेघ सहा मीटर जाऊन बरोबर त्या मध्यातून गेली.

मी दोन मिनिटं काहीच बोलले नाही. मग बाकीच्यांना उठवलं. रात्रीचे अडीच वाजले असतील. सगळे त्या कागदावर वाकून बघत होते, आणि मग कॅडवालाच म्हणाला, ती विहीर आहे अर्धी. त्यानेच मग कॅडमध्ये भिंत सरळ ठेवून रेघ वाढवून बघितली, ती सरळ रेघ वर्तुळाच्या मध्यापासून ८६६ वर गेली, म्हणजे जेमतेम काठाला घासून. भिंत सरळ असती तर जवळजवळ अख्खी विहीर एकाच बाजूला आली असती, आमच्या आजींच्या बाजूला.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी सातला आजींच्या दारात. त्यांनी आंघोळही केली नव्हती. आम्ही कागद ओटीवर पसरला. प्लॅन बऱ्याच लोकांना पटकन वाचता येत नाही, पण आजींनी चष्मा लावला, बोट ठेवून ओटी कुठली ते विचारलं, तिथून बोट माजघरात नेलं, देवघर ओळखलं, चुलीची जागा ओळखली, आणि बोट त्या तिरक्या भिंतीवरून हळूहळू मागे नेत विहिरीवर आणून थांबवलं.

"ही तुम्हाला कुणी सांगितली?"

कुणीच नाही, म्हटलं, मापांत आली.

मग त्यांनी सांगितलं. हे घर आणि पलीकडे आता बिल्डिंग आहे ते, दोन्ही मिळून एकच घर होतं. त्यांचे सासरे आणि सासऱ्यांचा भाऊ यांच्यात वाटणी झाली, आजी लग्न होऊन आल्या त्याच्याही आधी. वाटणीत घराचे मधल्या खांबावरून दोन भाग ठरले, तसं केलं असतं तर विहीर मोठ्या भावाकडे, म्हणजे आजींच्या सासऱ्यांकडे, येत होती. भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. पण आजींच्या सासूबाई अडून बसल्या. म्हणाल्या, माझी जाऊ पाणी भरायला कुणाच्या दारात जाणार? भिंत विहिरीच्या मधोमध जाऊ दे, आपली खोली अरुंद झाली तरी चालेल. गवंड्याने पुढचा खांब होता तिथेच ठेवला आणि तिथून विहिरीच्या मध्याला दोरी बांधून भिंत घातली. पुढे कितीतरी वर्षं दोघी जावा आपापल्या बाजूने रहाटावर यायच्या आणि तिथे उभ्या राहून बोलायच्या. नवऱ्यांचं शेवटपर्यंत जमलं नाही ते नाहीच. नंतर पलीकडचं घर पडलं, बिल्डिंग झाली, त्यांच्या बाजूची अर्धी विहीर बुजवली, मग इकडचीही वापरेना म्हणून वर कडप्पा टाकला.

"स्वयंपाकघरात आम्ही जन्मभर अंग चोरून वावरलो," आजी म्हणाल्या, "पण सासूबाईंना कधी कोणी बोललं नाही."

त्या प्लॅनवर मी ती पेन्सिलची रेघ खोडली नाही. इंकिंग केलं तेव्हा ती तुटक रेघ म्हणून ठेवली, भिंतीपासून विहिरीच्या मध्यापर्यंत, आणि बाजूला आजींनी सांगितलेलं तीन ओळींत लिहिलं. कॅडवाल्याने सगळा प्लॅन परत काढला, एकही शब्द न बोलता, सोमवार पहाटेपर्यंत. त्याच्याबद्दल मला आजही फार आदर आहे.

हे सगळं का सांगते, तर मला दरवर्षी जी शीट्स बघायला मिळतात त्यात निम्म्याहून जास्त घरं सरळ केलेली असतात. मुलं आळशी नसतात, उन्हात दिवस दिवस मोजतात, पण ड्रॉइंग करायला बसलं की घर कसं आहे त्यापेक्षा घर कसं असायला हवं होतं ते काढतात. खिडक्या एका रेषेत येतात, खांब सारख्या अंतरावर येतात, भिंतींची जाडी सगळीकडे एक. शिवाय आता लेझर आलेत, बटण दाबलं की माप. लेझर चांगलाच आहे, उंच आढ्याचं माप खालूनच मिळतं, मी स्वतः वापरते. पण त्याने तुम्ही ती दोन टोकांची माणसं उभी करत नाही, फडताळ सरकवत नाही, आणि आजींनी चहा ठेवायच्या आत तुमचं काम संपलेलं असतं.

बाहेरचं एक उदाहरण मला नेहमी आठवतं. पोलंडची राजधानी वॉर्सा. तिथल्या पॉलिटेक्निकचे आर्किटेक्चरचे विद्यार्थी आणि शिक्षक दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून जुन्या शहरातली घरं मोजून ड्रॉइंग करत होते, आपण करतो तसंच, अभ्यास म्हणून. १९४४ च्या उठावानंतर जर्मनांनी शहर ठरवून उद्ध्वस्त केलं, ऐतिहासिक भागाचा ८५ टक्क्यांहून जास्त हिस्सा गेला. ती ड्रॉइंग्ज मात्र पियोत्रकूफ नावाच्या गावी एका मठात लपवून ठेवली होती, ती वाचली, आणि युद्धानंतर जुनं शहर परत बांधलं तेव्हा वापरली गेली. १९८० मध्ये त्या परत बांधलेल्या शहराला युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून घेतलं. एवढी गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. पुढची कमी जणांना माहीत असते. परत बांधताना बेलोत्तो नावाच्या अठराव्या शतकातल्या चित्रकाराची चित्रंही आधाराला घेतली होती. फार बारकाईने रंगवलेली चित्रं आहेत, वेड लागेल अशी. पण चित्र छान दिसावं म्हणून त्याने काही ठिकाणी इमारतींत आपल्या मनाने बदल केले होते, आणि त्यातलं काही परत बांधताना तसंच्या तसं आलं. कुणीतरी हौसेने सरळ केलेली किंवा सजवलेली रेघ शंभर-दोनशे वर्षांनी विटांत उभी राहते. त्यामुळे तुझं शीट कोण बघणार आहे असं कुणी म्हणालं तर मला ते अजिबात पटत नाही.

आपल्याकडेही ही परंपरा जुनी आहे. मुंबईत जेजेच्या आर्किटेक्चर कॉलेजात आर्किटेक्ट क्लॉड बॅटली शिकवायचे तेव्हा ते विद्यार्थ्यांना घेऊन जुन्या इमारती मोजायला जायचे. आणि नासा, म्हणजे देशभरातल्या आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांची संघटना, तिची लुई कान ट्रॉफी खास डॉक्युमेंटेशनसाठी असते, रात्र रात्र जागून पोरं शीट्स करतात. ती शीट्स स्पर्धेनंतर कुठे जातात हा मला छळणारा प्रश्न आहे. आमची शीट्स कॉलेजने ठेवून घेतली आणि चार वर्षांनी मी विचारायला गेले तेव्हा स्टोअरमध्ये पाणी शिरून गेली म्हणाले. माझ्याकडे तो कार्ट्रिजवरचा प्लॅन होता, कंपासच्या भोकांसकट, म्हणून उरला. तेव्हा मुलांनो, सबमिशनच्या आधी स्कॅन करा, आणि एक प्रिंट घराच्या माणसांना नेऊन द्या. हे मी कळकळीने सांगते. ज्यांच्या घरात तुम्ही चार-पाच दिवस चढउतार केली त्यांच्याकडे तो कागद असलाच पाहिजे.

आजी २०१४ मध्ये गेल्या. घर त्यानंतर दोन वर्षांनी पाडलं. पाडायच्या आधी त्यांच्या मुलाने फोन केला होता, तो कागद आहे का म्हणून. मी फ्रेम करून दिला. खांबांपैकी एक त्याने नवीन फ्लॅटच्या हॉलमध्ये उभा केलाय, नेमका तो जाडसर पानांचा, तळखड्यासकट. आठव्या मजल्यावर तळखडा बघून मला जरा गलबलून आलं.

आता मी शनिवारी एका कॉलेजात शिकवायला जाते आणि यंदा आम्ही बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज, घरांची एक वसाहत, मोजायला घेतलंय. जुनं नाहीये ते त्या अर्थाने, आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी सिडकोसाठी १९८३ ते ८६ च्या दरम्यान केलं, पण मला ते मुद्दाम हवं होतं. साधारण आठ बाय आठ मीटरचं अंगण, त्याच्याभोवती सात घरं, अशी तीन अंगणं मिळून पुढचं मोठं अंगण. प्रत्येक घराच्या भिंती स्वतःच्या, शेजाऱ्याशी सामाईक नाहीत, म्हणजे ज्याला हवं तेव्हा त्याने घर वाढवावं, हाच मूळ विचार. आणि लोकांनी वाढवलं. कुणी मजला चढवला, कुणी पाडून नवीनच बांधलं, थोडीशी घरं अजून पहिल्यासारखी आहेत, उतरतं छप्पर आणि बाहेरचा जिना. इथे गंमत अशी की मूळ ड्रॉइंग्ज छापलेली आहेत, सहज मिळतात, त्यामुळे आज मोजलेलं घर त्यावर ठेवलं की तीस-पस्तीस-चाळीस वर्षांत त्या माणसांनी काय काय केलं ते दिसतं.

गेल्या शनिवारी एक मुलगी माझ्याकडे लॅपटॉप घेऊन आली. म्हणाली, मॅम, मूळ क्लस्टर प्लॅन मिळालाय, एकदम क्लीन आहे, आमची मापं त्याला नीट जुळत नाहीयेत, तर तोच ट्रेस करून घेऊ का?

मी तिला सांगितलं, आधी कर्ण दाखव.

तिने दाखवले. नीट घेतले होते, तीन वेळा घेतल्याची नोंद होती, वाचणाऱ्याची आणि लिहिणाऱ्याची नावं होती. अंगणाची एक बाजू कमी भरत होती कारण एका घराचा ओटा पुढे आलाय, आणि तुळशीवृंदावन, जे तिने गृहीत धरून मधोमध टाकलं होतं, ते मापात मधोमध येत नव्हतं, दीड मीटर एका घराकडे सरकलेलं होतं. तिने ते प्लॅनमध्ये दोन जागी काढून ठेवलं होतं, एक हलकं, एक गडद, कारण कुठलं खरं धरायचं ते तिला ठरवता येत नव्हतं.

म्हटलं, उभं कुठे आहे ते?

"इथे," ती म्हणाली आणि गडदवर बोट ठेवलं. मग तिनेच हलकं पुसलं. जाताना दारातून परत वळून म्हणाली, त्या घरात एक आजोबा असतात मॅम, सकाळी नसतात, मी संध्याकाळी जाऊन विचारू का?